तुम्ही आगगाडी चालवता का?

१९८८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मिशिगनमधली ती नेहमीची हाडे गोठवणारी थंडी. आमची मुलगी तेव्हा पाचवीत होती. एके दिवशी तिने दप्तरातून शाळेची चिठ्ठी काढून दिली. 'इंजिनिअर्स वीक'निमित्त ज्या पालकांना जमेल त्यांनी वर्गात येऊन आपल्या कामाची माहिती द्यावी, असे बाईंनी कळवले होते. मी पुण्याचा बी. ई., इथला एम. एस., आणि पंधरा-सोळा वर्षे मोटारींच्या गिअर्सवर काम केलेला माणूस. हो म्हणायला कितीसा वेळ लागणार? दोन संध्याकाळी खपून चौदा ट्रान्स्परन्सीज तयार केल्या आणि सूट-टाय चढवून वर्गात हजर झालो.

वीस मिनिटे बोललो. गिअरच्या दातांचे कोन, पोलादाला द्यायची उष्णता, झीज, आवाज, सगळे सांगितले. मुले शिस्तीत बसली होती. शेवटी "काही प्रश्न?" असे विचारल्यावर पुढच्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, "पण तुम्ही आगगाडी कधी चालवता?"

अमेरिकेत आगगाडीच्या ड्रायव्हरलाही 'इंजिनिअर' म्हणतात, हे मला ठाऊक होते. पण वीस मिनिटांच्या भाषणानंतरही त्या मुलाच्या डोळ्यांसमोर तोच उभा असेल, असे वाटले नव्हते. घरी येताना गाडीत मुलगी गप्प होती. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही काय करता ते मलाही नाही कळलं."

ते वाक्य मनात रुतून बसले. मुलांना विज्ञानाची, इंजिनिअरिंगची ओळख कोण करून देतो आणि कशी, याचा इतिहास मी तेव्हापासून सवडीने वाचत आलो आहे. त्यातले थोडे आपल्यासमोर मांडतो.

आधी आपल्या घरचे पाहू. मुंबई-ठाणे आगगाडी धावली १८५३ साली, आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झाले. आजच्या सीओईपीचे हे मूळ. सरकारला रस्ते, पूल, कालवे बांधायचे होते आणि त्यासाठी हाताखाली माणसे हवी होती, म्हणून हा वर्ग निघाला. आपल्याकडे या विद्येचा जन्मच असा नोकरीच्या पोटी झाला. त्यातूनही मोठी माणसे निघाली. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८३ साली पुण्याहून एल. सी. ई. झाले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, आणि त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर बसले. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला सायकलींच्या दुकानात आले आणि पुढे लोखंडी नांगराकडे वळले. पण ही थोडी थोडकी माणसे. घरोघरी जी समजूत रुजली ती एकच : इंजिनिअर झाला की पोटापाण्याची ददात मिटली.

माझी कथा वेगळी नाही. १९६३ साली सांगलीहून एस. एस. सी. झालो, गणितात बरे गुण होते. इंटरला टक्के चांगले पडले तेव्हा काकांनी फॉर्म आणला आणि वडिलांनी सही केली. इंजिनिअर नेमके काय करतो, हे त्या घरात कुणालाही ठाऊक नव्हते आणि कुणी विचारलेही नाही. लेथ मी आयुष्यात प्रथम पाहिला तो कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. आपल्यापैकी पुष्कळांची हीच हकीकत असेल. आम्हाला इंजिनिअरिंगची ओळख झालीच नाही. एकदम लग्नच लागले. संसार सुखाचा झाला हे नशीब.

त्याच सुमाराला देशात एक वेगळा प्रयत्न सुरू झाला होता. १९६३ साली एन. सी. ई. आर. टी.ने दिल्लीपुरती 'नॅशनल सायन्स टॅलेंट सर्च' परीक्षा घेतली आणि पुढच्या वर्षी ती देशभर नेली. हुशार मुले मूलभूत विज्ञानाकडे वळावीत हा हेतू, म्हणून शिष्यवृत्तीही तेवढ्यापुरतीच होती. आमच्या वाड्यातल्या एकाला ती मिळाली. पेढे वाटले गेले. दोन वर्षांनी त्याने ती सोडून इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला, तेव्हा पुन्हा पेढे वाटले गेले! पुढे १९७६ पासून या योजनेत इंजिनिअरिंग, वैद्यक आणि सामाजिक शास्त्रेही आली.

आता अमेरिकेकडे वळू. इथला प्रश्न नेमका उलटा. आपल्याकडे इंजिनिअरला मान होता, काम माहीत नव्हते. इथे काम सगळीकडे दिसत होते, पण करणारा कुणाला दिसत नव्हता. त्यामुळे ही ओळख मुद्दाम करून द्यावी लागली. वृत्तपत्रांचे मालक ई. डब्ल्यू. स्क्रिप्स आणि प्राणिशास्त्रज्ञ विल्यम रिटर यांनी १९२१ साली 'सायन्स सर्व्हिस' ही संस्था काढली. विज्ञानाच्या बातम्या साध्या भाषेत वर्तमानपत्रांना पुरवणे हे तिचे मूळ काम. याच संस्थेने १९४२ मध्ये वेस्टिंगहाऊस कंपनीच्या मदतीने शाळकरी मुलांसाठी 'सायन्स टॅलेंट सर्च' सुरू केला. १९९८ मध्ये त्याला इंटेलचे आणि २०१७ पासून रीजेनेरॉनचे नाव लागले. १९५० साली फिलाडेल्फियात पहिला राष्ट्रीय सायन्स फेअर भरला. आपली मुले पुठ्ठ्याच्या तीन फळ्यांवर तक्ते चिकटवतात आणि आदल्या रात्री आपण डिंक शोधत फिरतो, त्याचे मूळ इथे आहे.

ज्या सप्ताहाने माझी फजिती केली तो 'इंजिनिअर्स वीक' १९५१ सालचा. नॅशनल सोसायटी ऑफ प्रोफेशनल इंजिनिअर्सने तो सुरू केला आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या जन्मदिवसाचा, २२ फेब्रुवारीचा आठवडा निवडला. कारण वॉशिंग्टन तरुणपणी जमीन मोजणारा सर्व्हेअर होता. वयाच्या सतराव्या वर्षी, १७४९ मध्ये, तो व्हर्जिनियातल्या कल्पेपर काउंटीचा सर्व्हेअर झाला होता.

मग आली ४ ऑक्टोबर १९५७ ची रात्र. रशियाचा ८३.६ किलोचा स्पुटनिक पृथ्वीभोवती फिरू लागला आणि अमेरिकेची झोप उडाली. वर्षाच्या आत, २ सप्टेंबर १९५८ रोजी, आयसेनहॉवर यांनी 'नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्ट'वर सही केली. शिक्षणाच्या कायद्याच्या नावात 'संरक्षण' हा शब्द यावा, यातच त्या वेळची धास्ती दिसते. विज्ञान, गणित आणि परकीय भाषांसाठी त्यात पैसा होता. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्यातले पाचवे प्रकरण. शाळेशाळेत चाचण्या घेऊन हुशार मुले हेरावीत आणि त्यांना सल्ला देणारी माणसे नेमावीत, यासाठी त्यात निधी होता. आपल्या मुलांच्या हायस्कुलात जो गायडन्स कौन्सेलर भेटतो, त्याचे बस्तान बसले ते बरेचसे या कायद्यामुळे.

पण कायद्याने कौन्सेलर मिळतो, गोडी लागत नाही. स्पुटनिक आकाशात होता तेव्हा वेस्ट व्हर्जिनियातल्या कोलवूड या कोळशाच्या खाणीच्या गावात होमर हिकम नावाचा चौदा वर्षांचा मुलगा वर पाहत होता. वडील खाणीचे सुपरिंटेंडंट. मित्रांना घेऊन तो रॉकेट बनवू लागला. पहिल्याच प्रयत्नात आईच्या बागेचे कुंपण उडाले. फ्रीडा रायली या तरुण शिक्षिकेने त्याला क्षेपणास्त्रांवरचे एक जाडजूड पुस्तक आणून दिले. त्यासाठी लागणारे गणित मुलांनी शिकून घेतले. रॉकेटची नळकांडी मात्र कापून दिली ती खाणीच्या वर्कशॉपमधल्या कामगारांनी. १९६० च्या राष्ट्रीय सायन्स फेअरमध्ये हिकमला पदक मिळाले आणि पुढे तो नासात इंजिनिअर झाला. १९९८ साली त्याने ही कथा पुस्तकात लिहिली. 'ऑक्टोबर स्काय' हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ती वाचताना मला लेथवरचा तो अनामिक कारागीर सारखा आठवत राहतो. त्या मुलांच्या हातात धातूचा ऊनऊन तुकडा पहिल्यांदा त्याने ठेवला.

तीच गोष्ट पुढे डीन केमन यांनी ओळखली. १९८९ मध्ये त्यांनी 'फर्स्ट' ही संस्था काढली आणि १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरच्या एका शाळेच्या जिममध्ये २८ संघांची पहिली यंत्रमानव स्पर्धा झाली. मुलांनी खऱ्या इंजिनिअरांच्या शेजारी बसून यंत्र बनवायचे, हे तिचे मर्म.

या सगळ्यात अर्धी मुले कितीतरी काळ बाहेरच राहिली, म्हणजे मुली. इथल्या स्त्री-इंजिनिअरांनी १९५० साली स्वतःची सोसायटी स्थापन केली. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला स्त्री-इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा भारतातून ए. ललिता आल्या होत्या. १९४३ साली मद्रासच्या गिंडी कॉलेजातून त्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या होत्या. तरी मुलींना इंजिनिअरिंगची ओळख करून देण्याचा खास दिवस सुरू व्हायला २००१ साल उजाडावे लागले.

आणि आपण? ३ ऑक्टोबर १९६५ ला जॉन्सन यांनी सही केलेल्या इमिग्रेशनच्या कायद्याने देशनिहाय कोटा संपवला आणि शिकलेल्या माणसांना दार उघडले. आम्ही त्या दारातून आलो. रांगेत उभे राहून, टक्के मिळवून आलो, आणि मुलांसाठीही तीच रांग खरी असे धरून चाललो.

पुन्हा त्या वर्गाकडे येतो. बाईंनी आभाराचे पत्र पाठवले होते. शेवटी लिहिले होते, "पुढच्या वर्षी मुलांना हातात धरता येईल असे काही आणाल का?" १९८९ मध्ये मी भंगारातून मोटारीचे एक डिफरन्शियल घासूनपुसून नेले. त्या वेळी सूट घातला नाही. मुलांना विचारले, गाडी वळते तेव्हा कुठले चाक जास्त अंतर कापते? बाहेरचे, हे त्यांनीच चालून दाखवले. आपल्या बैलगाडीची चाके आसावर सुटी फिरतात, तिला अडचण नाही. पण इंजिनच्या जोराने फिरणाऱ्या दोन चाकांना वेगवेगळा वेग कसा द्यायचा? मग ते धूड एकेकाने फिरवून पाहिले. चाळीस मिनिटे कशी गेली कळले नाही. आगगाडीचा प्रश्न कुणी विचारला नाही. पुढे मी बरीच वर्षे जात राहिलो.

पण आमची मुलगी तोवर सहावीत, दुसऱ्या शाळेत गेली होती. ते डिफरन्शियल तिने पाहिले नाही. गराजमध्ये ते वर्षभर माझ्या खोक्यात पडलेले असे, आणि तिला हाक मारावी असे मला कधी सुचले नाही. ती काय, इंजिनिअरच होणार! १९९५ साली फॉर्म मीच भरला. १९९७ मध्ये दुसरे वर्ष संपल्यावर तिने इंजिनिअरिंग सोडले. मी फोनवर फार बोललो, बोलू नये तेही बोललो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, शाळेतल्या मुलांना तुम्ही यंत्र दाखवलंत. मला फक्त फॉर्म दाखवलात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. तिने नंतर भूगोल घेतला. आज ती एका शहराच्या बसमार्गांचे नियोजन करते. असे काही काम असते, हेच मला तोवर माहीत नव्हते. आता सुटीत आली की ती नकाशे पसरून बसते आणि मी शेजारी बसून प्रश्न विचारतो.

आपल्या मंडळातही मुलांसाठी करिअर मार्गदर्शनाचे कार्यक्रम होतात. व्यासपीठावर आपण पदे आणि पदव्या बसवतो, आणि मुले घड्याळाकडे पाहतात. माझी एक विनंती आहे. यापुढे वक्त्यांनी बायोडेटा घरी ठेवावा आणि कामातली एक वस्तू बरोबर आणावी. मग ती झडप असो, सर्किट बोर्ड असो, नाही तर पुलाचा नकाशा. आणि कार्यक्रमाला येण्याआधी ती घरच्या मुलांना दाखवून यावे. माझे डिफरन्शियल अजून गराजमध्ये आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी घेऊन जावे. फक्त उचलायला दोघे या, फार जड आहे.