एका मताने पडलेला ठराव

२२ फेब्रुवारी १७८२. ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात जनरल हेन्री कॉनवे यांनी ठराव मांडला: अमेरिकेतलं युद्ध थांबवावं. बाजूने १९३ मतं पडली, विरोधात १९४. एका मताने युद्ध चालू राहिलं. पाच दिवसांनी कॉनवे पुन्हा उभे राहिले. या वेळी ठराव २३४ विरुद्ध २१५ मतांनी मंजूर झाला आणि महिन्याभरात पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ पायउतार झाले.

मला कुतूहल वाटतं ते त्याआधीच्या सात वर्षांचं. कारण युद्धविरोधाचे मुद्दे नवे नव्हते. एडमंड बर्क यांनी मार्च १७७५मध्ये, लढाईला तोंड फुटण्याआधीच, सांगितलं होतं की मध्ये तीन हजार मैलांचा समुद्र आहे, हुकूम पोचायलाच महिने लागतात, आणि जो मुलूख पुन्हा पुन्हा जिंकावा लागतो त्यावर राज्य करता येत नाही. सभागृहाने ऐकून घेतलं. फौजा गेल्याच.

राजाचं म्हणणंही नीट ऐकायला हवं. १७७९ साली तिसऱ्या जॉर्जने नॉर्थना लिहिलं, की अशा युद्धाचा हिशेब दुकानदाराच्या तराजूने करायचा नसतो. अमेरिका गेली तर वेस्ट इंडीज जाईल, पाठोपाठ आयर्लंड, आणि इंग्लंड हे एक गरीब बेट उरेल. एकदा हे मान्य केलं की कोणताही खर्च जास्त ठरत नाही, कारण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात सर्वनाश ठेवलेला असतो. ‘किती गेलं’ हा प्रश्नच मग हलका, व्यापारी वाटू लागतो.

तो प्रश्न परत आणला तो खेड्यापाड्यांतल्या जमीनदार खासदारांनी. हे बर्कचे अनुयायी नव्हते. बरेच जण वर्षानुवर्षं सरकारच्या बाजूने मत देत आले होते. पण जमिनीवरचा कर पौंडामागे चार शिलिंग झाला होता, फ्रान्स, स्पेन, हॉलंड युद्धात उतरले होते, आणि नोव्हेंबर १७८१मध्ये यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिस शरण आल्याची बातमी लंडनला पोचली. युद्ध न्याय्य आहे की नाही याबद्दल त्यांचं मत बदललंच असेल असं नाही. युद्ध जिंकता येईल यावरचा त्यांचा विश्वास उडाला.

राजाचं भाकीत खोटं ठरलं. वेस्ट इंडीजची बहुतेक बेटं राहिली, आयर्लंडही राहिलं, आणि अमेरिकेशी व्यापार पुन्हा सुरू झाला.

त्याच वर्षी १७ मे रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध थांबलं. तिथे कारणं रिकामी तिजोरी आणि हैदरअलीचं संकट ही होती. हे युद्धही लंडनपासून दूरच होतं. पण ते थांबवावं की नाही यावर तिथे मतदान झालं नाही; कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जने काय ते ठरवलं. आणि चारच वर्षांनी यॉर्कटाउनचा तोच कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला.