बियाणेविषयक राष्ट्रीय धोरण : आष्टी व जालना जिल्ह्याच्या संदर्भात

शेतीला लागणाऱ्या बियाण्यांचे संशोधन, उत्पादन, प्रमाणन, विक्री, किंमत आणि मालकीहक्क यांचे नियमन करण्यासाठी केंद्र सरकारने कायदे, आदेश व धोरणपत्रे यांच्याद्वारे टप्प्याटप्प्याने उभी केलेली व्यवस्था. जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी हे परतूर-माजलगाव मार्गावरील मोठे बाजारगाव असून भोवतालच्या काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन आणि तूर ही खरिपाची मुख्य पिके आहेत. या तिन्ही पिकांच्या बियाण्यांवर राष्ट्रीय धोरणाचा परिणाम तीन निरनिराळ्या प्रकारे झालेला असल्यामुळे हा परिसर अभ्यासाला सोयीचा ठरतो. (बीड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, वर्धा जिल्ह्यातील १९४२ च्या लढ्यामुळे परिचित असलेले गाव आणि १८१८ च्या लढाईचे सोलापूर जिल्ह्यातील गाव ही आष्टी नावाची अन्य स्थळे होत.)

पूर्वपीठिका : परतूर तालुका हैदराबाद संस्थानात आणि पुढे १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता, १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा तो त्यात आला. संस्थानी काळात परभणी-नांदेड पट्ट्यातील ‘गावरानी’ हा देशी कापूस प्रसिद्ध होता व त्याची सरकी शेतकरी घरच्या कापसातूनच राखत असत. बियाणे विकत घ्यावयाची वस्तू झाली ती संकरित वाणांमुळे. दोन भिन्न जनकांच्या संकरातून मिळणाऱ्या पहिल्या पिढीचा जोम दुसऱ्या पिढीत टिकत नाही, म्हणून संकरित वाण वापरणाऱ्याला दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते. १९६० च्या दशकात मका, ज्वारी व बाजरी यांचे संकरित वाण देशात प्रसारित झाले आणि १९७० मध्ये सुरत येथील संशोधन केंद्रात चंद्रकांत पटेल यांनी ‘एच-४’ हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातील पहिला संकरित कापूस तयार केला. मराठवाड्यात नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘एनएचएच-४४’ हा संकरित वाण दीर्घकाळ लोकप्रिय होता.

जालन्याचे स्थान : राष्ट्रीय बीज निगमाची स्थापना १९६३ मध्ये झाली, त्यानंतरच्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले (१९३१–२०१७) यांनी जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, स्थापन केली. ‘पुसा सावनी’ या सरकारी संशोधनातून आलेल्या भेंडीच्या वाणाचे बीजोत्पादन करून त्यांनी या व्यवसायात पाऊल टाकले होते. सार्वजनिक संस्थेने वाण शोधायचा आणि खाजगी उत्पादकाने त्याचे बियाणे वाढवायचे, ही त्या काळातील धोरणाची मूळ कल्पना या उदाहरणात स्पष्ट दिसते. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार व २००१ मध्ये पद्मभूषण मिळाले. पुढे जालन्याभोवती अनेक बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या आणि जिल्ह्यात, तसेच शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा भागात, शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो व काकडी यांच्या संकरित बियाण्यांचे उत्पादन रुजले. सार्वजनिक क्षेत्रात १९७६ मध्ये अकोला येथे स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ (महाबीज) आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे बदनापूर येथील संशोधन केंद्र ही महत्त्वाची ठिकाणे होत. बीडीएन-७११ व बीएसएमआर-७३६ हे तुरीचे वाण बदनापूरशी निगडित आहेत.

बीजोत्पादनाचे काम मजुरांच्या, त्यातही मुख्यतः स्त्रियांच्या, बोटांवर चालते. मिरचीच्या मादी ओळीतील कळी उमलण्याआधी चिमट्याने उघडून तिचे पुंकेसर काढून टाकावे लागतात, मग नर ओळीतील फुलांतून गोळा केलेले पराग तिच्या स्त्रीकेसराला लावतात आणि ते फळ पुढे ओळखता यावे म्हणून देठाला दोरा बांधतात. हे काम हंगामभर रोज, एकेका कळीसाठी, करावे लागते. तयार बियाणे कंपनीकडे गेल्यावर त्याची उगवण आणि आनुवंशिक शुद्धता तपासली जाते, आणि लॉट ‘नापास’ झाला तर शेतकऱ्याच्या हाती मोबदला येत नाही. बियाणे विकत घेणाऱ्याच्या हिताचा विचार कायद्यांनी थोडाफार केला, परंतु कंपनीसाठी बियाणे पिकविणाऱ्याच्या कराराबाबत १९६६ चा बियाणे अधिनियम काहीही बोलत नाही. बियाण्यांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागाच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे.

कायदा : संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार शेती हा राज्यांचा विषय आहे, मात्र समवर्ती सूचीतील नोंद ३३ मध्ये कच्चा कापूस व सरकी यांचा स्पष्ट उल्लेख असल्यामुळे त्यांच्या व्यापाराबाबत केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतात. बियाणे अधिनियम १९६६ मध्ये संमत झाला व बियाणे नियम १९६८ मध्ये आले. या कायद्यानुसार सरकारने अधिसूचित केलेल्या वाणांच्या बियाण्यास किमान उगवणशक्ती व शुद्धता असणे आणि तशी खूणचिठ्ठी पिशवीवर असणे बंधनकारक आहे, परंतु प्रमाणन ऐच्छिक आहे. बियाण्याच्या पायऱ्या चिठ्ठीच्या रंगावरून ओळखता येतात : पैदासकार बियाण्याला पिवळी, त्यापासून वाढविलेल्या पायाभूत बियाण्याला पांढरी, प्रमाणित बियाण्याला निळी, आणि उत्पादकाने केवळ स्वतःच्या हमीवर विकलेल्या ‘सत्यप्रत’ बियाण्याला हिरवी. अधिसूचित न झालेले खाजगी संकरित वाण या शेवटच्या वर्गात विकले जातात, त्यामुळे बाजारातील सर्वांत महाग बियाणे बहुधा सर्वांत सैल तपासणीतून येते. कायद्याचा भंग केल्यास पहिल्या गुन्ह्याला ५०० रुपयांपर्यंत दंड आणि पुन्हा गुन्हा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा कलम १९ मध्ये आहे. बनावट बियाण्याने एका हंगामात एका कुटुंबाचे होणारे नुकसान लक्षात घेता ही तरतूद निरर्थक झालेली आहे.

बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली काढण्यात आला व त्याने प्रत्येक विक्रेत्यास परवाना सक्तीचा केला. कृषी सेवा केंद्रांवर आज होणारी कारवाई बहुतांशी याच आदेशाच्या आधारे होते. १९८८ च्या नव्या बीजविकास धोरणाने बियाण्यांच्या आयातीस व खाजगी, तसेच परदेशी, सहभागास वाट दिली. २००२ मध्ये राष्ट्रीय बियाणे धोरण जाहीर झाले आणि २००४ मध्ये सर्व वाणांची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक संसदेत मांडले गेले, पण ते संमत झाले नाही. २०१९ व २०२५ मध्ये नवे मसुदे लोकांपुढे ठेवण्यात आले. २०२५ च्या मसुद्यात दंडाची रक्कम लाखांत नेलेली आहे. पिशवीचा माग काढण्यासाठी ‘साथी’ ही संगणकीय प्रणाली २०२३ मध्ये सुरू झाली.

बीटी कापूस : बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूतील प्रथिन तयार करणारे जनुक झाडात घालून बोंडअळीला प्रतिकारक केलेल्या कापसाला बीटी कापूस म्हणतात. मॉन्सँटो या अमेरिकी कंपनीकडून महिकोने हे जनुक असलेल्या ‘कोकर-३१२’ वाणाचे बियाणे १९९६ मध्ये आणले आणि चाचण्यांनंतर २६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने मेक-१२, मेक-१६२ व मेक-१८४ या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. त्याआधी २००१ मध्येच गुजरातेत परवानगी नसलेला बीटी कापूस उभा असल्याचे आढळले होते. दोन जनुके असलेला ‘बोलगार्ड-२’ २००६ मध्ये आला आणि थोड्याच वर्षांत मराठवाड्यातील जवळजवळ सर्व कापूस बीटी झाला. यातील मुख्य गोष्ट अशी की भारतात हे तंत्रज्ञान प्रामुख्याने संकरित वाणांतूनच दिले गेले, सरळ वाणांतून दिले गेले नाही. परिणामी कोरडवाहू शेतकऱ्यालाही बियाणे दरवर्षी विकत घेणे भाग पडले. ही निवड वैज्ञानिक गरजेतून झाली की व्यापारी सोयीतून, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही.

किमतीचा प्रश्न प्रथम राज्यांनी हाती घेतला. आंध्र प्रदेशाने २००६ मध्ये मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितल्यानंतर ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आली, महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्यांच्या पुरवठा, विक्री व किंमत निश्चितीचा स्वतंत्र कायदा केला, आणि डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कापूस बियाणे किंमत (नियंत्रण) आदेश काढून देशभर एकच कमाल किंमत ठरविण्यास सुरुवात केली. बोलगार्ड-२ च्या पाकिटाची कमाल किंमत २०१६ मध्ये ८०० रुपये होती व तीत ४९ रुपये तंत्रज्ञान-मूल्य होते. हे मूल्य २०१८ मध्ये ३९, २०१९ मध्ये २० आणि २०२० मध्ये शून्य झाले. पाकिटाची किंमत २०१९ व २०२० मध्ये ७३० रुपयांपर्यंत उतरली आणि नंतर चढत २०२४ मध्ये ८६४ व २०२५ मध्ये ९०१ रुपयांवर गेली. कमाल किंमत ठरली तरी हंगामाच्या तोंडावर मागणी असलेल्या वाणासोबत नको असलेले खत किंवा औषध गळ्यात मारण्याचा ‘लिंकिंग’ हा प्रकार बंद झालेला नाही.

अळीमध्ये प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून कापसाच्या कडेने बीटी नसलेल्या कापसाच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढी, ‘आश्रय’ लागवड करण्याची अट होती व त्यासाठी पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी दिली जाई. दोन-चार एकरांच्या धारकाने आपल्या शेताचा पाचवा हिस्सा अळीसाठी सोडावा ही अपेक्षा व्यवहार्य नव्हती आणि ती पाळली गेली नाही. गुलाबी बोंडअळीने प्रथम पहिल्या व नंतर दुसऱ्या पिढीच्या बीटीवर मात केली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर आश्रयाचे बियाणे पाकिटातच मिसळण्याची पद्धत आली आणि हंगामपूर्व लागवड टाळण्यासाठी कापूस बियाण्याची किरकोळ विक्री उशिरा खुली करण्याचे धोरण राज्याच्या कृषी विभागाने स्वीकारले.

बीटी कापसाखेरीज अन्य जनुकीय वाणांपैकी तणनाशक-सहनशील कापसाला मान्यता नाही. महिकोने विकसित केलेल्या बीटी वांग्यावर ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती आली.

सोयाबीन व घरचे बियाणे : सोयाबीन हे स्वपरागित पीक असल्याने त्याचे बियाणे दरवर्षी विकत घेण्याची गरज नसते, आष्टी परिसरासह मराठवाड्यात खरीप ज्वारीची जागा या पिकाने मोठ्या प्रमाणात घेतली, तरी घरचे बियाणे राखण्याची सवय मात्र सर्वत्र टिकली नाही. २०२० च्या खरिपात विकतचे सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाडाभर आल्या, दुबार पेरणीची वेळ आली व मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर कृषी खात्याने घरगुती उगवण चाचणीवर भर दिला. ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडून, गुंडाळी करून, सावलीत ओलसर ठेवायची व सहा-सात दिवसांनी चांगले कोंब मोजायचे. सत्तर वा अधिक दाणे उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते, त्याहून कमी उगवल्यास प्रमाण वाढवावे लागते. सोयाबीनच्या दाण्याचे साल अतिशय पातळ असल्यामुळे जोरात फिरणारे मळणीयंत्र आणि पोत्यांची आदळआपट यांनीच उगवण घटते, म्हणून बियाण्याचे सोयाबीन वेगळे व सावकाश मळावे लागते. एवढ्या साध्या कौशल्याला सरकारी पाठबळ मिळण्यास इतका उशीर व्हावा, हे या धोरणाच्या कंपनीकेंद्री दृष्टीचे लक्षण आहे.

शेतकऱ्यांचे हक्क : पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ हा जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा कराराची पूर्तता म्हणून करण्यात आला, पण त्यात पैदासकाराच्या हक्काबरोबर शेतकऱ्याचा हक्कही नोंदविला गेला. कलम ३९ नुसार संरक्षित वाणाचे बियाणेदेखील शेतकऱ्याला राखता, पेरता, अदलाबदलीत देता व विकता येते; छापील नाममुद्रेच्या पिशवीत घालून मात्र विकता येत नाही. अशी स्पष्ट तरतूद जगातील फार थोड्या देशांच्या कायद्यांत आहे. पुढील कोणत्याही बियाणे कायद्यात या कलमाला धक्का लागू नये.



अन्य योजना : बियाण्यांसाठी भारतीय बीज सहकारी समिती ही बहुराज्य सहकारी संस्था २०२३ मध्ये नोंदविण्यात आली.

तक्रार व भरपाई : बियाणे उगवले नाही वा भेसळयुक्त निघाले तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करता येतो, कृषी खात्याचे अधिकारी, कृषी विद्यापीठाचे व महाबीजचे प्रतिनिधी शेतात येऊन पंचनामा करतात. हा पंचनामा स्वतः भरपाई देत नाही, तो पुरावा म्हणून उपयोगी पडतो. राष्ट्रीय बीज निगम विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये शेतकरी हा ग्राहक आहे व बियाणे कायदा असला तरी त्याला ग्राहक मंचाकडे दाद मागता येते असा निर्णय दिला. अशी दाद मागताना पक्के बिल, पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी आणि त्याच लॉटमधील मूठभर शिल्लक बियाणे हाच पुरावा ठरत असल्याने या चारही गोष्टी पीक घरात येईपर्यंत जपून ठेवाव्यात.