नाण्याची झीज, नाण्याची घासणी आणि मुद्रालेखाचे वाचन

वैनगंगेच्या तीरावरील पवनी हे भंडारा जिल्ह्यातील प्राचीन नगर होय. १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण व नागपूर विद्यापीठ यांनी तेथे संयुक्त उत्खनन केले आणि बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आणले. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्तंभलेखही तेथलाच. अशा भूमीत जुने नाणे हाती आले म्हणजे ते कोणाचे, हा प्रश्न प्रथम मनात येतो. आणि तो सोडविण्यासाठी पहिला हात जातो तो चिंचेकडे किंवा राखेकडे. पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या जिल्ह्यात ती सवय स्वाभाविकच आहे. परंतु भांडे उजळते त्याच क्रियेने नाण्यावरील लेख पुसला जातो. प्रस्तुत लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्र असल्याने या हानीचा विचार येथे लेखवाचनाच्या दृष्टीने केला आहे.

मुद्रालेखातील एखादे अक्षर दिसत नाही, याची प्रमुख कारणे तीन. चकती ठशाहून लहान असल्याने अक्षर मुळातच उमटले नसेल. वापराने झिजले असेल. किंवा मागाहून कोणी घासून नाहीसे केले असेल. पहिले कारण टाकसाळीची माहिती देते, दुसरे चलनाची. तिसऱ्यापासून प्राचीन काळाविषयी काहीच कळत नाही. ही तीन कारणे वेगळी कशी ओळखावी?

या कामी व्यावसायिक नाणेपरीक्षकांची रीत उपयोगी आहे. अमेरिकेत विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये तेथील जुन्या तांब्याच्या सेंटसाठी सत्तर अंकांची श्रेणी मांडली. तिचा आधार घेऊन पीसीजीएस (१९८६) व एनजीसी (१९८७) या संस्था उभ्या राहिल्या. प्राचीन नाण्यांस मात्र एनजीसी हा आकडा लावीत नाही. झिजेची प्रत शब्दांत सांगून ती टंकन व पृष्ठभाग यांस पाचपैकी निराळे गुण देते. ही विभागणी आपल्या तीन कारणांच्या जवळ जाते.

झीज उंचवट्यांपासून आरंभ होते. राजाचा गाल व केस आधी सपाट होतात, खोलगट भाग शेवटपर्यंत टिकतो. घासणीचे चिन्ह निराळे असते. तिरप्या प्रकाशात भिंगाखाली एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या रेषा दिसतात. वापरातले ओरखडे सर्व दिशांस विखुरलेले व कमीअधिक खोल असतात. मोकळा भाग चकाकतो, पण अक्षरांच्या कडांशी जुना मळ तसाच राहतो. आम्लात बुडविलेले नाणे सर्वत्र सारखे फिके व बारीक खड्ड्यांचे होते.

शिसे, तांबे व पोटीन यांच्या नाण्यांस हा धोका अधिक आहे. दीर्घकाळ जमिनीत राहिलेल्या तांब्यावर आत तांबूस व वर हिरवा थर चढतो, आणि नाण्याचे मूळ पृष्ठ पुष्कळदा या थरातच सुरक्षित असते. थर काढला की अक्षरही गेले. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटू लागली तर क्षारांचा रोग समजावा. तेथे उपचार अवश्य हवा, पण तो संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत.

ब्राह्मी लिपीत हे संकट विशेष आहे. तिचा 'क' म्हणजे एक उभी व एक आडवी रेषा. आडवी पुसली की उरतो तो 'र'. अनुस्वार म्हणजे केवळ बिंदू. गंजाचा कण अनुस्वार भासू शकतो आणि खरा अनुस्वार घासणीत जाऊ शकतो. १९३९ मध्ये तऱ्हाळा (तेव्हा अकोला, आता वाशीम जिल्हा) येथे सुमारे १,६०० सातवाहन नाणी सापडली. महामहोपाध्याय मिराशी यांनी त्यांत कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी नावे वाचली. ही नावे पुराणांच्या याद्यांत नाहीत. म्हणजे या राजांचे अस्तित्व पोटीनवरील काही अक्षरांवरच तोलले आहे. ती नाणी संग्रहालयात पोहोचण्याआधीच कोणी उजळविली असती तर?

दुसरे उदाहरण जोगळटेंभीचे. नाशिक जिल्ह्यात १९०६ मध्ये मिळालेल्या या निधीत नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती. त्यांतील नऊ हजारांहून अधिक गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपल्या चिन्हांनी ठोकलेली. नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिपी आहेत. त्यांतील ग्रीक अक्षरे मुखवट्याभोवती, कडेला असून पुष्कळदा भ्रष्ट दिसतात. हा भ्रंश ठसा कोरणाऱ्याच्या अज्ञानाचा, की कडेच्या झिजेचा? पहिले मानले तर पश्चिम भारतात ग्रीकचे ज्ञान लोपत चालल्याचा पुरावा मिळतो. दुसरे मानले तर काहीच मिळत नाही. नाण्याची स्थिती न पाहता केलेले भाषिक अनुमान असे निराधार ठरते.

यावरून दोन सूचना कराव्याशा वाटतात. लेखाचे संपादन करताना आपण लुप्त अक्षर कंसात घालतो, पण ते अनुमुद्रित, झिजलेले की घासलेले हे सांगत नाही. यापुढे ते सांगावे. आणि क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी नाणे हाती येताच त्याचे वजन घ्यावे व दोन बाजूंच्या तिरप्या प्रकाशात छायाचित्र काढावे. ते धुऊ नये. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळवावा लागतो, हे गावकऱ्यांस सांगावेच. त्याबरोबर चिंच लावू नका, हेही सांगावे. कळविण्यास झालेला विलंब एक वेळ भरून निघेल, गेलेले अक्षर परत येणार नाही.