जेव्हन्सचा अर्धा दाणा

अर्थशास्त्र शिकलेल्यांना विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स हे नाव माहीत असेल. सीमान्त उपयोगितेवाला जेव्हन्स. सूर्यावरचे डाग, हिंदुस्थानातली पिकं आणि इंग्लंडातली मंदी यांची सांगड घालायचा खटाटोपही पुढे याच गृहस्थाने केला (ती काही टिकली नाही). पण मला तो आवडतो तो एका अगदी लहानशा उद्योगासाठी. १८७१ साली, मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात प्राध्यापक असताना, त्याने मूठभर काळे दाणे घेऊन स्वतःच्याच नजरेची परीक्षा घेतली आणि तिचा निकाल चक्क 'नेचर'मध्ये छापला.

त्याच्या आधी विल्यम हॅमिल्टन हा स्कॉटिश तत्त्वज्ञ म्हणून गेला होता की जमिनीवर मूठभर गोट्या टाकल्या तर सहा, फार तर सात गोट्या गोंधळ न होता एका नजरेत मावतात. जेव्हन्सने ठरवलं, मोजूनच बघू. काळं तबक, त्यात मधोमध साडेचार इंच व्यासाचा, आतून पांढरा कागद लावलेला गोल डबा. दाणे त्या दिशेने उडवायचे, किती आत पडतील याचा नेम नाही. दाणे थांबले रे थांबले की मनात येईल तो आकडा बोलायचा आणि मग खरे मोजायचे. असं एकदा दोनदा नाही, १०२७ वेळा! एकटा माणूस, मदतनीस नाही, अनुदान नाही.

तीन आणि चार दाण्यांना तो एकदाही चुकला नाही. पाच दाणे १०७ वेळा पडले, त्यातले १०२ वेळा बरोबर. दहावर पोचेपर्यंत निम्म्याहून जास्त वेळा चूक. आपली अचूकतेची हद्द चार नाही आणि पाचही नाही, दोघांच्या मध्ये कुठेतरी, साडेचारच्या आसपास आहे असं त्याने लिहून ठेवलं. हा अर्धा दाणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरी करून बघायचं असेल तर चिंचोके उत्तम, ताटात पांढरा कागद घालून. फाशावरचे पाच-सहा ठिपके मात्र यात धरायचे नाहीत, तिथे आपण मोजत नाही, ओळखीचा आकार बघतो. आणि आपल्याकडचं आणखी एक... नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखांतले ब्राह्मी अंक पाहिलेत तर एकला एक आडवी रेघ, दोनला दोन, तीनला तीन. चारला मात्र चार रेघा नाहीत, वेगळंच चिन्ह. आपले २ आणि ३ त्या जोडल्या गेलेल्या रेघांचेच वंशज आहेत. यात लिहिण्याची सोय किती आणि नजरेची मर्यादा किती, हे कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण चौथ्या रेघेलाच हात अडला याची मला गंमत वाटते.

जेव्हन्सच्या प्रयोगात एक प्रश्न उरला होता. अडतं कुठे? डोळ्याला चारच दाणे दिसतात, की दिसतात सगळे आणि मन धरून ठेवतं चारच? याचं उत्तर मिळायला १९६० साल उजाडलं. जॉर्ज स्पर्लिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांना बारा अक्षरं, चार-चारच्या तीन ओळींत, सेकंदाच्या विसाव्या भागापुरती दाखवली. लोक चार-साडेचार सांगायचे (पुन्हा तेच!) आणि वर कुरकुरायचे की दिसली जास्त होती हो, सांगेपर्यंत विरून गेली. दुसरा कोणी असता तर ही कुरकुर सोडून देता. स्पर्लिंगने ती खरी मानली आणि युक्ती केली. अक्षरं नाहीशी झाल्यावर एक सूर वाजवायचा. उंच सूर म्हणजे वरची ओळ, मधला म्हणजे मधली, खालचा म्हणजे खालची. आता लोक विचारलेल्या ओळीतली चारपैकी सुमारे तीन अक्षरं सांगू लागले. कोणती ओळ विचारणार हे आधी ठाऊक नव्हतं, म्हणजे तीनही ओळी मिळून नऊएक अक्षरं त्या क्षणी मनात होतीच. सूर सेकंदभर उशिरा वाजवला की फायदा गायब. थोडक्यात, दार मोठं आहे, कोठार लहान.

त्या कोठाराचं माप १९९७ मध्ये आयोवा विद्यापीठात स्टीव्हन लक आणि एडवर्ड व्होगेल यांनी घेतलं. रंगीत चौकोन क्षणभर दाखवायचे, जेमतेम सेकंदभर कोरा पडदा, मग पुन्हा चौकोन. काही बदललं का? तीनपर्यंत जवळजवळ चूक नाही, चारपासून घसरण. मग चित्र असं तयार झालं की मनात तीन-चार खण आहेत, एका खणात एक वस्तू, आणि पाचवीला जागाच नाही.

हे तेव्हा अनेकांना पटलं. पण २००८ साली भांडण जुंपलं. वायवेई झांग आणि लक यांनी खणांच्या बाजूने नवा पुरावा 'नेचर'मध्ये दिला, तर त्याच वर्षी लंडनच्या पॉल बेज आणि मसूद हुसैन यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की अचूकता चारनंतर नाही, एकाच्या दोन वस्तू झाल्या तेव्हापासूनच कमी होते. म्हणजे खण वगैरे काही नाही, एकच भाकरी आहे आणि खाणारी तोंडं वाढली की तुकडे लहान होतात.

हा वाद निव्वळ विद्वानांचा आहे असं मला वाटत नाही. 'मी पाहिलं' म्हणणारा साक्षीदार घ्या. खणांचं खरं असेल तर त्याने एखादी गोष्ट एक तर धरलेली असते, नाही तर मुळीच नाही. भाकरीचं खरं असेल तर सगळंच थोडंथोडं धरलेलं आणि थोडंथोडं पुसट, आणि मग त्याला उलटतपासणीत विचारायचे प्रश्नही वेगळे हवेत. शिवाय आपण काय धरलं नाही, हे आपल्याला कळतंच असं नाही. १९९८ मध्ये डॅनियल सायमन्स आणि डॅनियल लेव्हिन यांनी एक प्रयोग छापला. रस्त्यात पत्ता विचारणारा माणूस, मधून दोघे जण दार वाहून नेतात, आणि दाराआड पत्ता विचारणाराच बदलतो. पंधरापैकी आठ जण नव्या माणसाला पत्ता सांगत राहिले.

आता तो अर्धा दाणा. खण अर्धा कसा असेल? भाकरीवाल्यांना अर्ध्याचं वावडं नाही. खणवाले म्हणतील सरासरी काढली की अर्धं येणारच, कधी चार खण भरतात, कधी पाच. भांडण अजून मिटलेलं नाही, दोन्ही पक्षांचं थोडंथोडं घेणारी मिश्र गणितंही आता आली आहेत. माझा कौल भाकरीकडे आहे, तोही चिंचोक्यांमुळे. पाच पडले की मला चार स्वच्छ आणि एक गायब असं कधी दिसत नाही, सगळेच जरा धूसर होतात.

जेव्हन्स १८८२ मध्ये समुद्रात पोहताना बुडून गेला, वय अवघं ४६. त्याच्या हजारावर मुठींचा तो तक्ता मात्र दीडशे वर्षांनंतरही शोधनिबंधांत उद्धृत होतो.