तंजावरच्या चित्रांतले सोने

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला व्यंकोजीराजांची गादी आठवते आणि सरफोजीराजांनी वाढवलेले सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. तंजावरची चित्रशैली त्यामानाने आपल्याला कमी परिचित. तिची मुळे त्याहून जुनी असली, तरी ती बहरली मराठा दरबाराच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या (१७९८-१८३२) आश्रयाने. तमिळमध्ये या चित्रांना ‘पलगै पडम्’, म्हणजे फळीवरचे चित्र, असे म्हणतात. मात्र त्यांत केवळ फळी आणि रंग नसतात. कापड, खडू, डिंक, काच आणि सोनेही असते. इतके निरनिराळे पदार्थ एकाच चित्रात कशासाठी?

तळापासून सुरुवात करू. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते. त्यावर थेट रंग दिला तर तो तडकतो. म्हणून फळीवर आधी कापड चिकटवतात. ते हा ताण बराचसा सोसते. कापडावर खडूची पूड आणि डिंक यांचा लेप देऊन तो घोटून गुळगुळीत करतात. हा पांढरा थर रंगांतून आत गेलेला प्रकाश परत फिरवतो, त्यामुळे वरचे रंग उजळ दिसतात. मग दागिने, खांब, कमानी अशा जागी तोच लेप घट्ट करून उठाव देतात, त्यात काचेचे खडे बसवतात आणि उठावावर सोन्याचा वर्ख चढवतात.

सोने म्हणजे श्रीमंतीचे प्रदर्शन, असे सहज वाटेल. ते कारण होतेच, पण पुरेसे नाही. यांतली बरीच चित्रे देवघरांसाठी आणि मठांसाठी काढलेली असत. तेथे उजेड तेलाच्या दिव्याचा. या उजेडात तांबडा-पिवळा भाग भरपूर आणि निळा अगदी थोडा असतो. निळ्या रंगाला परावर्तित करायला प्रकाशच मिळत नाही, म्हणून तो काळपट दिसतो. सोने मात्र निळा प्रकाश बराचसा शोषते आणि पिवळा-तांबडा जवळजवळ सगळा परत पाठवते. म्हणजे दिव्यापाशी जे आहे तेच सोन्याला हवे असते! त्यात उठावामुळे वर्खाचे पृष्ठ अनेक दिशांना वळलेले असते. ज्योत हलली की प्रत्येक वेळी वेगळा कोपरा चमकतो. चित्रकारांना तरंगलांबी ठाऊक नव्हती, पण देवघर चांगले ठाऊक होते.

चांदी का नाही? ती स्वस्त आहे, पण हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे काळी पडते. पितळेचा वर्ख त्याहून स्वस्त, पण त्यातले तांबे काळाबरोबर मळकट होते. सोन्यावर हवेचा परिणाम होत नाही. शिवाय ते फार थोडे लागते. ठोकून ०.१ मायक्रॉन जाडीचा वर्ख केला, तर एका ग्रॅममध्ये सुमारे अर्धा चौरस मीटर जागा झाकता येते.

तंजावरचे राज्य १८५५ साली खालसा झाले. चित्रे मात्र घराघरांतून उरली. त्यांच्या रक्षणासाठी वरील माहिती उपयोगी पडते. सोने टिकाऊ आहे, पण ते ज्यावर बसले आहे तो खडू-डिंकाचा थर पाण्याला घाबरतो. जुने चित्र ‘स्वच्छ’ करायला कोणी ओले फडके फिरवले, तर डिंक विरघळून वर्खासकट उठाव निघून येऊ शकतो. चित्राचे आयुष्य त्यातल्या सर्वांत टिकाऊ पदार्थावर ठरत नाही, सर्वांत नाजूक पदार्थावर ठरते.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. खोलीत अंधार करून पणती लावा. तिच्यापुढे निळा कागद, लाल कागद आणि दोन सोनेरी चकचकीत कागद ठेवा. सोनेरींपैकी एक सपाट ठेवा, दुसरा चुरगाळून पुन्हा उलगडा. मग हेच कागद उन्हात न्या. कोणता कागद कोठे उठून दिसतो, याची मुलांना नोंद करू द्या. त्यानंतर तंजावरच्या चित्राची छायाप्रत दाखवून विचारा : हे चित्र विजेच्या झगझगीत दिव्याखाली पाहताना आपण काय गमावतो?