अंड्यातला जीव आणि उजेडाचा पुरावा

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी बटेराच्या अंड्यांवर काय बोलावं? पण नांदेड-लातूरकडे जोडधंदा म्हणून बटेरं पाळणाऱ्या शेतकऱ्याचा जो प्रश्न आहे, तो फार जुना आहे. यंत्रात ठेवलेल्या अंड्यात जीव धरलाय का? आणि अंडं न फोडता हे कळायचं कसं?

संस्कृतात पक्ष्याला 'द्विज' म्हणतात. एक जन्म अंड्याचा, दुसरा पिल्लाचा. आपला प्रश्न या दोन जन्मांच्या मधला आहे. छांदोग्य उपनिषदात तर सगळ्या विश्वाचंच अंडं वर्षभर तसंच राहतं आणि मग दुभंगतं. लावा पक्षी ऋग्वेदात 'वर्तिका' या नावाने भेटतो. अश्विनीकुमार तिला लांडग्याच्या तोंडातून सोडवतात. गंमत बघा, 'वर्तिका' म्हणजे दिव्याची वातसुद्धा. पक्षी आणि वात यांची गाठ पुढे खरोखरच पडली.

ॲरिस्टॉटलने कोंबडीच्या अंड्याचं वर्णन दिवसवार लिहून ठेवलंय. तिसऱ्या दिवसानंतर पांढऱ्यात रक्ताचा एक ठिपका दिसतो आणि तो उडतो, म्हणजे हृदय धडधडतं. जवळजवळ दोन हजार वर्षांनी, १६५१ साली, विल्यम हार्वेने प्राण्यांच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ छापला, तेव्हा त्यालाही त्याच ठिपक्यापाशी यावं लागलं. पण यात एक अडचण होती. जीव आहे हे कळायला अंडं फोडायचं, आणि अंडं फोडलं की जीव जायचा. ज्ञानाची किंमत ज्ञेयानेच मोजायची!

उजेडाने ही अडचण सोडवली. अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे ज्योत धरली की कवचातून आतलं दिसतं. इंग्रजीत या कामाला नावच मेणबत्तीवरून पडलं, कँडलिंग. आपल्याकडे खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की घरातली जाणती बाई अंडं उन्हाकडे नाहीतर चिमणीच्या उजेडाकडे धरून बघायची. फोल अंडी बाजूला निघायची, बाकीचं कोंबडी बघून घ्यायची.

बटेराचं तसं नाही. मराठवाड्याच्या माळावरचा लावा वेगळा. तो रानपक्षी, त्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पाळायचा तो जपानी बटेर. तो १९७४ साली उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या संशोधन केंद्रात आणला गेला आणि तिथून देशभर पसरला. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या हाताखाली राहून त्याची मादी खुडूक होणंच जवळपास विसरली. म्हणून यंत्र लागतं, सुमारे साडेसदतीस अंश तापमान लागतं, वीज लागते. सतरा-अठरा दिवसांत पिल्लू बाहेर येतं. तोवर आई नाही, आपणच आहोत.

आता तपासणी. ताज्या अंड्यात फळ धरलंय की नाही, ते उजेडात कळत नाही. सातव्या दिवसाच्या सुमाराला बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे काळपट ठिपका दिसला, तर जीव वाढतोय. नुसती रक्ताची कडी दिसली, तर जीव धरून गेला. सगळं स्वच्छ दिसलं, तर फोल. चौदाव्या दिवशी पुन्हा बघायचं. तेव्हा हवेची जागा सोडून बाकी अंडं काळं दिसायला हवं. मेलेली अंडी काढावीच लागतात, कारण ती सडून फुटली तर शेजारची नासतात.

पण बटेराचं अंडं जेमतेम दहा ग्रॅमचं आणि कवचावर तपकिरी-काळे डाग. डाग कुठला आणि जीव कुठला? इथे आमच्या शास्त्राचा उपयोग होतो. भाट्ट मीमांसकांनी 'अनुपलब्धी' हे प्रमाण मानलं. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणजे तो नाही. मात्र त्यांनी अट घातली, ती अनुपलब्धी 'योग्य' हवी. घडा असता तर दिसलाच असता, इतका उजेड हवा. अंधारात घडा दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

तेच इथे लावा. बॅटरी मंद असेल, खोलीत उजेड असेल, दिवस पाचवाच असेल, तर 'जीव दिसत नाही' एवढंच म्हणता येतं. 'जीव नाही' म्हणता येत नाही. म्हणून शंका असलेल्या अंड्यावर पेन्सिलीने खूण करावी, ते परत यंत्रात ठेवावं आणि दोन-तीन दिवसांनी चांगल्या उजेडात पुन्हा बघावं. थांबलं तर एक जागा अडते; घाई केली तर जिवंत पिल्लू उकिरड्यावर जातं. दोन चुकांचं वजन सारखं नाही.

'नाही' म्हणण्याआधी आपला उजेड पुरेसा होता का, हे तपासायला हवं. अंड्यांच्या बाबतीत हे चटकन पटतं. वर्गातल्या मुलांच्या बाबतीत पटायला आम्हा शिक्षकांना जरा जास्त वेळ लागतो. आज इथेच थांबू.