‘हे पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा’

भंडारदऱ्याजवळच्या शेंडीत कुणी बटणांच्या फोनवर एखादं सरकारी संकेतस्थळ उघडलं आणि स्क्रीन कोरीच राहिली, तर दोष रेंजचाच असेल असं नाही. २०१७ साली आलेल्या जिओफोनमधला ब्राउझर फायरफॉक्सच्या २०१६ मधल्या इंजिनावर चालतो. त्यानंतरच्या जावास्क्रिप्टमधली एक अनोळखी ओळ आडवी आली, की ती अख्खी फाइल बंद पडते.

ठरावीक ब्राउझरपुरतंच पान बांधण्याची ही सवय जुनी आहे; पूर्वी तर ब्राउझरचं नाव विचारूनच पंक्तीत वाढत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर काही संकेतस्थळं चौकटींची पानं फक्त नेटस्केपला, म्हणजे ‘मोझिला’ला देत. म्हणून इंटरनेट एक्स्प्लोररनेही स्वतःला मोझिला म्हणवून घेतलं. क्रोम आणि सफारी आजही संकेतस्थळाला हेच नाव सांगतात.

मराठी वाचकाला मात्र याची झळ लिपीपर्यंत लागली. १९९७ मध्ये नेटस्केपने पानासोबत फॉण्ट पाठवण्यासाठी पीएफआर फाइल आणली, एक्स्प्लोररने ईओटी. दोघांचं एकमेकांना चालत नसे. नेटस्केप मागे पडला, नव्या आवृत्तीतून पीएफआर गेली आणि ईओटीवर बेतलेली मराठी पानं एक्स्प्लोररपुरती उरली. लिनक्सवर तेच पान उघडलं तर तो फॉण्ट न मिळाल्याने रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिडा दिसे. अशा खास फॉण्टची गरज न ठेवणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती! तिचा वापर लांबला, याची मला आजही चीड येते.

पुढे ई-निविदांसाठी डिजिटल सही आली आणि तिच्यासोबत जावा अ‍ॅप्लेट. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये अ‍ॅप्लेटचा आधार काढला. कंत्राटदारांना सहीपुरता जुना एक्स्प्लोरर जपून ठेवावा लागला. तोही १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला.

आता एक्स्प्लोररच्या जागी क्रोम बसला आहे. २०२० पासून एज हा ब्राउझरही त्याच्याच इंजिनावर चालतो, त्यामुळे क्रोमवर चाललं म्हणजे झालं, असं मानणं सोपं झालं. केंद्राच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनी सरकारी संकेतस्थळ अनेक ब्राउझरांत तपासायला सांगितलं आहे. ती तपासणी कार्यालयातल्या नव्या संगणकांवर थांबू नये. सातबारा, दाखले, परीक्षांचे अर्ज यांची संकेतस्थळं बांधणाऱ्यांनो, मूळ मजकूर आणि अर्ज साध्या एचटीएमएलमध्ये ठेवा, आणि पान खुलं करण्याआधी एकदा सर्वांत स्वस्त फोनवर उघडून बघा.